बुडीत खाती

कुत्रा पाळणाऱ्याला लोक सहसा एकच प्रश्न विचारतात, "चावतो का?" मला विचारतात, "हा अजून किती दिवस चालणार?" मी कुत्रा नव्हे, सेकंडहँड स्कूटर आणली असावी अशा थाटात!

आमचे नानासाहेब ग्रेट डेन आहेत. (एवढ्या देहाला 'मोत्या' म्हणायला सौभाग्यवतींची जीभ वळेना.) वजन 62 किलो, माझ्यापेक्षा सहा किलोंनी जास्त. वय सात. या जातीचं आयुष्यच मुळी सात ते दहा वर्षांचं. म्हणजे गृहस्थ पेन्शनीतच आमच्याकडे आले. आधीच्या मालकानं बंगला विकून फ्लॅट घेतला आणि सामानाच्या यादीतून यांचं नाव तेवढं गळलं. हायवेवरच्या एका ढाब्यामागे बांधलेले सापडले.

आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "अहो, तुम्ही बी. कॉम. ना? पूर्ण घसारा लागलेली मालमत्ता कुणी घेतं का? पिल्लू आणायचं. काही परतावा तरी!"

माझं भांडण आहे ते नेमकं या परताव्याशी. दोन महिन्यांचं पिल्लू मांडीवर मावतं, फोटोत गोड दिसतं. वर्षभरात ते पन्नास किलोंच्या घरात जातं, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. कर्जाच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचायचं नाही, ही आपली जुनी सवयच आहे. मग सोफा जातो, पाहुणे यायचे थांबतात, डॉक्टरचं बिल येतं, आणि एके दिवशी मोटारीचं मागचं दार उघडतं. झालं, खातं बुडीत! प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा 1960 साली झाला. जनावर उपाशीतापाशी टाकून देणं हा त्यात गुन्हा ठरवला, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला दहा ते पन्नास रुपये! चेक परत गेला तर बँक याहून जास्त कापून घेते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

म्हातारा कुत्रा खर्चाचा असतो, नाही कशाला म्हणू? या जातीच्या पोटात वारा भरून पीळ बसण्याची भीती असते आणि तसं झालं तर काही तासांत खेळ आटोपतो. म्हणून जेवण एकदम नाही, तीन हप्त्यांत. वर तासभर धावपळ बंद. इतका नियमित हप्तेवाला मी 22 वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. कोपरांना घट्टे पडतात म्हणून जाड गादी लागते. ती माझी होती. बरं, हे प्रेमानं माणसाला टेकतात. गॅसवाल्याला एकदा टेकले, तेव्हापासून तो सिलिंडर ठेवला की आधी भिंत धरतो. पण चपला चावायचं वय उलटलेलं, उगाच भुंकायचं नाही, बोलावलं तर येतात. तेही विचार करून येतात. आमच्या खात्यात असे किती लोक आहेत?

सोसायटीच्या सभेत ठराव आला : मोठ्या कुत्र्यांना लिफ्ट बंद. सांधे आखडलेल्या जनावरानं तीन मजले जिन्यानं उतरायचे! मी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 सालच्या सूचना वाचून दाखवल्या. कुत्रा लहान की मोठा यावरून बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "नियम ठीक आहे हो, पण एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा उपयोग काय?"

मागच्या रांगेतून आमची आई उठली. वय 78. म्हणाली, "अरे, माझा तरी काय उपयोग आहे? मीपण लिफ्टनंच आले."

ठराव पुढच्या सभेवर गेला. तो अजून तिथंच आहे.

नानासाहेबांच्या सांध्यांना डॉक्टरांनी शेक सांगितलाय आणि घरात शेकाची पिशवी एकच. परवा आईनं स्वतःचा गुडघा बाजूला ठेवून ती त्यांना दिली. मला म्हणाली, "उद्या येताना दुसरी आण. आणि पावती जपून ठेव, तुझ्या त्या घसारावाल्या साहेबांना दाखवायला."