कचेरीला भरदिवसा, शेताला मध्यरात्री



केंद्राच्या 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवले आहेत. सरकारी कचेरीच्या आवारात तारा, ट्रान्सफॉर्मर, चार्जर, सगळ्याला 100 टक्के अनुदान. अट इतकीच, की चार्जर जनतेला खुला हवा.

गाडीशी आमचे वैर नाही. पण सौरपंप मागणाऱ्या शेतकऱ्याने 10 टक्के हिस्सा भरायचा, मागासवर्गीयाने 5. कचेरीने काहीच नाही, हा कुठला न्याय?

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल 2024 पासून माफ केले, असे सरकार ऐकवते. कपाशी बोंडावर असताना अजूनही कित्येक फीडरवर पाळीची वीज रात्री येते, विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जावे लागते. ती फुकट काय कामाची?

आम्हाला भीक नको. दिवसा, पूर्ण दाबाने वीज द्या!