करारानें दिलेला वाटा

बेल्जम देशांत डच भाषी व फ्रेंच भाषी यांचें परस्परांशीं फारसें जमत नाहीं. तथापि मुख्य प्रधान वगळल्यास मंत्रिमंडळांत दोन्ही भाषांचे मंत्री समसमान असावेत, असें बंधन 1970 पासून तेथील राज्यघटनेनेंच घातलें आहे. हा वाटा कोणाच्या उदारपणावर अवलंबून नाहीं.

वऱ्हाडांत भाषेचा भेद नाहीं. लीळाचरित्र ज्या रिद्धपुरास सिद्ध झालें, तेथील रहिवाशास पुणेकराहून निराळा समाज कोण म्हणेल? परंतु 1956 पर्यंत हा मुलूख नागपूरच्या राजधानीखालीं हिंदी जिल्ह्यांच्या जोडीस होता. तो संसार मोडून मुंबईच्या घरांत जातांना आपली गत काय होईल, ही धास्ती येथील पुढाऱ्यांस होती. म्हणूनच 8 ऑगस्ट 1947 च्या अकोला करारांत एका महाराष्ट्रांत दोन उपप्रांत व त्यांचीं स्वतंत्र कायदेमंडळें योजिलीं होतीं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारांत तो मनोरा उतरला. उरलें तें इतकेंच: सरकारांत व नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानानें स्थान, खर्चाचा वाटा, नागपुरास वर्षाकाठीं एक अधिवेशन आणि हायकोर्टाचें खंडपीठ.

पैकीं खंडपीठ 1960 च्या पुनर्रचना कायद्याच्या 41 व्या कलमांत शिरलें. किमान तीन न्यायाधीशांनीं नागपुरास बसलेंच पाहिजे. ते बसतात, व अमरावतीच्या पक्षकाराची मुंबईची वारी चुकते. अधिवेशन मात्र कराराच्या व रिवाजाच्या आधारावर राहिलें. महामारीचें निमित्त होतांच 2020 व 2021 सालीं तें मुंबईसच भरलें.

पैशाचा प्रकार याहून विलक्षण. घटनेच्या 371 व्या कलमांत विकास मंडळांची सोय 1956 सालीं झाली. मंडळें उगवलीं 1994 सालीं! विकासखर्चाचें समन्यायी वाटप व्हावें, परंतु सबंध राज्याच्या गरजा सांभाळून, अशी त्या कलमाची भाषा आहे. या ‘परंतु’च्या पोटांत कोणताहि अर्थमंत्री सुखानें निद्रा घेऊं शकतो. असली अट घातलेला रोखा घेऊन एखादा सावकार आमच्याकडे आला असता, तर वसुलीची आशा आम्ही त्यास दाखविली नसती. 30 एप्रिल 2020 रोजीं मंडळांची मुदतहि संपली. 2022 सालीं राज्य मंत्रिमंडळानें त्यांच्या पुनरुज्जीवनाचा ठराव केला. ठराव व हुंडी यांतील अंतर व्यापारी बंधूंस सांगावयास नको.

मंडळें आणावयाचींच, तर वाटपाचें प्रमाण आणि तें मोडल्यास कोर्टांत दाद मागण्याचा हक्क कायद्यांत लिहून आणावा. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या आमदारांनीं, पक्ष कोणताहि असो, हें मागणें नागपूरच्या अधिवेशनांत मांडावें, व तें मान्य होईतों पुरवणी मागण्यांस हात वर करूं नये.