जे उघडता येत नाही, ते आपलं नाही

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर घरी आलो असताना मी चंद्रपूरच्या एका भंगाराच्या दुकानातून जुनी चेनसॉ घेतली. साडेचार हजार रुपये. मुलचेऱ्याला घरी पोचेपर्यंत मला तीन प्रश्न विचारले गेले. आई फोनवर म्हणाली, "अरे, सात हजारात नवीन येते ना ऑनलाइन?" पुण्याच्या रूममेटने फोटो पाहून लिहिलं, "गडचिरोलीची झाडं कापायला निघालास का?" आणि वाटेतल्या एका नाक्यावर साहेबांनी पोत्यातून बाहेर आलेली पट्टी पाहून विचारलं, "सागवान कोणाचं?"

तिन्ही प्रश्न चुकीचे आहेत. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी मशीनबद्दल. जर्मनीच्या श्टील कंपनीचं हे 070 मॉडेल 1968 साली आलं. इंजिन 106 सीसी, म्हणजे तुमच्या स्प्लेंडरपेक्षा मोठं. नुसतं इंजिनच दहा किलोच्या वर. अशी मशीन भंगारात दिसली तर दोन गोष्टी बघायच्या. स्टार्टरची दोरी धरून मशीन उचलायची. ती झोके खात हळूहळू खाली आली, तर कॉम्प्रेशन आहे. धपकन खाली गेली, तर सोडून द्या. मग सायलेन्सर काढून आत टॉर्च मारायचा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर कुणीतरी बिनतेलाची चालवली आहे. माझ्या मशीनचा पिस्टन स्वच्छ होता. बाकी सगळं मेलेलं होतं.

आमच्या तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसवलेली बंगाली गावं आहेत. त्यातल्याच एका गावात एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. धानाचे पंप, फवारणीचे पंप, कटर मशीन, जे येईल ते ते उघडतात. त्यांच्या ओसरीवर आम्ही चार रविवार बसलो. इग्निशनचे पॉइंट कागदाने घासून साफ केले. क्रँकचे सील बदलले. कार्ब्युरेटरचा पडदा वाळून पापडासारखा झाला होता, तो बदलला. इंधनाची नळी बोटाला चिकटत होती.

त्या नळीवर थोडं थांबतो. 2025 पासून देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. मशीन महिनाभर टाकी भरून पडली आणि पाणी जास्त झालं, की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं, तेल वर पेट्रोलसोबत राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळातून ओढतो. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण इंधनातूनच मिळतं, दुसरी वाट नाही. म्हणजे सुकं इंजिन, ओरखडलेला पिस्टन, भंगार. मोठ्या शहरात महागडं पेट्रोल शोधता येईल. इथे एकच पंप, एकच नळी. यावर दादांचा उपाय साधा आहे: काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवायची. हे कुठल्याही पंपावर लिहिलेलं नाही.

आता आईचा प्रश्न. सात हजारात नवीन येते, खरं आहे. दादांच्या ओसरीच्या कोपऱ्यात तशा नऊ मशीन पडल्या आहेत. बहुतेक एकाच हंगामात मेलेल्या. एकीवर कंपनीचं नाव आहे, पण त्या नावाची कंपनी कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. पार्ट मागवायला नंबर नाही, आतला नकाशा नाही. दादा म्हणाले, "हे जुनी उघडता येते जी. थे नवी उघडली तरी पुढे का करू?" महागड्या मशीनचं दुखणं वेगळं. त्यात कार्ब्युरेटर इलेक्ट्रॉनिक असतो, दोन स्क्रू फिरवून ऐकत बसायची सोय नाही. बिघाड शोधायला कंपनीचं यंत्र लागतं आणि ते यंत्र शहरात असतं.

इथे मला माझ्याबद्दल बोलायला हवं. मी पोटासाठी कोड लिहितो. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूला दर महिन्याला "पैसे भरलेत का?" असं विचारणारा कोड मी स्वतः लिहिला आहे. चांगला चालतो. वस्तू ग्राहकाच्या घरात असते आणि तिची चावी आमच्या सर्व्हरवर. त्यामुळे दादांच्या कोपऱ्यातल्या ढिगाकडे मला लांबून बघता येत नाही.

आणि चावी दुसऱ्याकडे असणं म्हणजे काय, हे गडचिरोलीला शिकवायची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला होता. तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल 2011 उजाडलं. त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला, जयराम रमेश यांना, गावात यावं लागलं. मधल्या काळात बांबू गावाचा होता का? कागदावर होता. मशीनचंही तेच. बिल माझ्या नावावर, पार्ट आणि नकाशा तुमच्या कपाटात, तर ती माझी कशी?

रूममेटचा प्रश्न. झाड साखळीने कापलं जातं, पण ते कापायचं की नाही हे कागद ठरवतो. इंग्रजांनी या भागातलं सागवान कुऱ्हाडीने आणि दोन माणसांच्या करवतीने नेलं, चेनसॉने नाही. आज शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा साग पाडायला 1964 च्या कायद्याखाली परवानगी लागते. तिकडे खाणीसाठी जंगल वळतं करायची परवानगी दिल्लीतून येते. माझी मशीन आडव्या पडलेल्या झाडांवर चालते. पावसाळ्यात वादळाने रस्त्यावर झाड पडलं की बस थांबते, आजारी माणूसही थांबतो.

नाक्यावरचा प्रश्न सगळ्यात जुना. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 52 म्हणतं की वनगुन्ह्याचा संशय असेल तर मालासोबत हत्यारं, होड्या, गाड्या, गुरंही जप्त करता येतात. ठीक आहे. पण माझ्याकडे माल नव्हता. लाकडाचा भुसासुद्धा नव्हता. तरी तासभर उभं राहिलो. पुण्याच्या आयटी कंपनीचं ओळखपत्र दाखवल्यावर सुटलो. दादांकडे असं कार्ड नाही. दुरुस्त करून दिलेली मशीन सायकलवर बांधून न्यायची त्यांना भीती वाटते. अवजार म्हणजेच गुन्हा, असं धरून चाललात तर अवजार सांभाळणारा माणूस चोर ठरतो.

एक आक्षेप मात्र मला कुणी घेतला नाही, आणि तोच खरा आहे. ही मशीन धोकादायक आहे. पट्टीचं टोक लाकडाला लागलं की ती उलटी उसळते. ही उसळी थांबवणारा चेन ब्रेक सत्तरच्या दशकात आला, माझ्या मशीनवर तो नाही. तिच्या थरथरीने वर्षानुवर्षं काम करणाऱ्याची बोटं बधिर आणि पांढरी पडतात. म्हणून जुनी मशीन घासून, नारिंगी रंग मारून रील टाकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांना चकाकी दिसते, हात दिसत नाहीत. मला दुरुस्तीचा हक्क हवा आहे, जुनेपणाची पूजा नको. चेन ब्रेक असलेली, कमी थरथरणारी नवी मशीन दादांना उघडता आली, तर मी ही 070 उद्या कोपऱ्यात ठेवीन.

ते होणं अवघड नाही. जुलै 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं त्यात होती. डिसेंबरमध्ये पोर्टल आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे कोड लिहिणाऱ्याला विचारा. नकाशा उघड करा, विक्री थांबल्यावरही पार्ट ठरावीक वर्षं द्या, बिघाड शोधायचं यंत्र कुणाही मिस्त्रीला विकत मिळू द्या. या तीन ओळी कायद्यात हव्यात.

तोवर एवढं करा. पुढची कुठलीही वस्तू घेण्याआधी, मोबाइल असो की मिक्सर, दुकानदाराला विचारा: "बिघडली तर माझ्या गावात कोण उघडेल?" उत्तर मिळालं नाही, तर तुम्ही विकत घेत नाही आहात. भाड्याने घेत आहात.