भट्टीचा हिशेब

जालना म्हटले की बियाणे आणि लोखंडी सळया डोळ्यांपुढे येतात. सळई गोदामात भाव येईपर्यंत थांबू शकते; पाव थांबत नाही. सकाळी भट्टीतून निघालेली लादी रात्रीपर्यंत खपली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिचे मोल निम्मेही उरत नाही. जाणता बेकरीवाला उरलेल्या ब्रेडचे काप पुन्हा भाजून टोस्ट करतो. पण तोही किती करणार?

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना अशा दुकानांत शिल्लक मालाआधी मी उधारीची वही मागत असे. पाव संपलेला असतो, चहाटपरीकडची बाकी मात्र तशीच असते. आणि मैद्याच्या पोत्याला रोख मोजावी लागते. भांडवल बहुधा तिथेच अडकते.

पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ पासूनची. श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते, तरी दुपारी दुकान बंद होते आणि गावोगावी शाखा निघाल्या नाहीत. मागणी असताना दार लावणे आपल्या व्यापारी मंडळींना वेडेपणा वाटेल. मला त्यात परिग्रह-परिमाणाची छाया दिसते. चालकांच्या मनात ते नसेलही.

आपल्या घरांतील तरुणांना अंडेविरहित केकचे दुसरे दुकान लगेच हवे असते, तेही वडिलांच्या ठेवी मोडून. त्यांनी आधी पहिल्या दुकानातून तीन महिने रोज परत आलेला माल आणि थकलेली येणी यांचा तक्ता वडिलांपुढे ठेवावा. ठेव मोडण्याचा निर्णय त्यानंतर वडिलांनी घ्यावा.