डबाबंद अन्नाची निर्यात : नोंदणी कागदाची, कसोटी प्रक्रियेची

रायपूर : ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि निर्यातीची सारी चर्चा शुल्काभोवती फिरू लागली. त्याआधी २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराचे स्वागतही शुल्ककपातीच्या अंगानेच झाले होते. शुल्काचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते वाटाघाटींनी वाढते, तसे घटतेही. हवाबंद डब्यातील खाद्यपदार्थांच्या वाट्याला शुल्काच्याही आधी एक अडसर येतो आणि तो कोणत्याही वाटाघाटीने हलत नाही. तो म्हणजे आयातदार देशाच्या नियामक यंत्रणेकडे करावयाची नोंदणी. कोकणातील आंब्याच्या कारखान्यांना ही अट परिचित आहे. छत्तीसगडसारख्या राज्याला आपला वनोपज आणि फळभाज्या डब्यात भरून परदेशी पाठवायच्या असतील, तर या अटीचे स्वरूप आरंभीच समजून घ्यावे लागेल.

अमेरिकेचे उदाहरण यासाठी सर्वांत उपयुक्त आहे. तेथील अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच एफडीए, डबाबंद अन्नाच्या उत्पादकाकडून दोन निरनिराळ्या नोंदण्यांची अपेक्षा करते. पहिली नोंदणी २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यानुसार खाद्यपदार्थ बनविणाऱ्या प्रत्येक आस्थापनेस लागू आहे. तिचे नूतनीकरण दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या मुदतीत करावे लागते आणि परदेशी कारखान्याला अमेरिकेत राहणारा अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. ही मुदत चुकली तर नोंदणी संपुष्टात येते आणि माल बंदरातच अडकतो.

दुसरी नोंदणी केवळ कमी आम्लतेच्या आणि आम्ल मिसळून आम्लता वाढविलेल्या हवाबंद पदार्थांसाठी आहे. तीत कारखान्याच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. परंतु क्रमांक मिळाल्याने काम संपत नाही. त्यानंतर प्रत्येक पदार्थासाठी आणि डब्याच्या प्रत्येक आकारासाठी तापप्रक्रियेचा तपशील दाखल करावा लागतो. डबा किती तापमानाला, किती मिनिटे ठेवला जातो, उष्णता देण्यापूर्वी आतील पदार्थाचे तापमान किती असते, पदार्थाचा सामू किती आहे आणि ही प्रक्रिया कोणत्या तज्ज्ञाने ठरवली, हे सारे त्यात येते. असा तपशील दाखल नसलेला माल प्रत्यक्ष तपासणी न करताच रोखून धरण्याची तरतूद एफडीएच्या आयात-इशाऱ्यात आहे. म्हणजे डब्यातील पदार्थ निर्दोष असला, तरी तो निर्दोष का आहे हे आधी सांगितलेले नसेल, तर तो बाजारात पोहोचत नाही.

हा काटेकोरपणा नोकरशाहीच्या हौसेतून आलेला नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका कंपनीच्या डबाबंद सूपमधून बोटुलिझमची विषबाधा होऊन एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि ती कंपनी दिवाळखोरीत गेली. १९७३ मध्ये एफडीएने कमी आम्लतेच्या डबाबंद अन्नासाठी नियम आणले आणि १९७९ मध्ये त्यांना अधिक तपशीलवार रूप दिले. या नियमांचा गाभा एका जिवाणूच्या स्वभावात आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत सर्वत्र आढळतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. हवाबंद डब्यात प्राणवायू नसतो. तेथे आम्लताही पुरेशी नसेल, तर हे बीजाणू वाढू लागतात आणि प्राणघातक विष तयार करतात. अशा डब्याचा वास, रंग वा चव बिघडेलच असेही नाही. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर ही वाढ होत नाही. म्हणून ४.६ ही साऱ्या नियमावलीची सीमारेषा ठरली आहे. तिच्या वर असलेला पदार्थ दाबाखाली, सर्वसाधारणपणे १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास, ठरलेल्या मिनिटांपर्यंत तापवावा लागतो.

कोकणच्या हापूसने या सीमारेषेची सुरक्षित बाजू अनुभवली आहे. मे महिन्याच्या मध्यापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आंबा कॅनिंगला जाऊ लागतो आणि त्याच्या दरावरून बागायतदार व कारखानदार यांच्यातील वादाला दरवर्षी तोंड फुटते. ताज्या फळाच्या निर्यातीला असणारे धोके या रसाला नसतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर घातलेली बंदी फळमाशीमुळे होती आणि ती ताज्या फळापुरती होती. अमेरिकेनेही २००७ मध्ये ताज्या आंब्याला दार उघडले, ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. डब्यातील रसाला किडीची भीती नसते; त्याची सारी परीक्षा आम्लता आणि उष्णता यांची असते. पिकलेल्या आंब्याचा सामू बहुधा ४.६ च्या खाली असतो, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या तापमानाची प्रक्रिया त्याला पुरते. तरीही जात आणि पक्वता यांनुसार हा आकडा रेषेजवळ, क्वचित तिच्या पलीकडेही जातो. म्हणूनच रसात सायट्रिक आम्ल मिसळून सामू खाली आणण्याची पद्धत आहे. येथे एक सूक्ष्म पण निर्णायक भेद उद्भवतो. स्वभावतःच आम्ल असलेला पदार्थ दुसऱ्या नोंदणीतून सुटतो. मुळात रेषेच्या वर असलेला आणि आम्ल घालून खाली आणलेला पदार्थ मात्र तिच्या कक्षेत येतो. आपला माल कोणत्या वर्गात बसतो, हे हंगामातील प्रत्येक घाण्याचा सामू मोजणाऱ्या कारखान्यालाच सांगता येते.

रायपूरच्या मराठी भाषकांना, ज्यांचे महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलोनीत आहे, कोकणचा हा अनुभव दूरचा वाटण्याचे कारण नाही. छत्तीसगडही आता कच्च्या मालापलीकडे पाहू लागला आहे. २०२१ मध्ये कोरबा भागातील वाळवलेली मोहाची फुले फ्रान्सला रवाना झाली. रायपूर ते विशाखापट्टणम या सहापदरी मार्गामुळे बंदर जवळ येणार आहे. बस्तर आणि सरगुजा भागांत फणस मुबलक पिकतो. मांसाला पर्याय म्हणून मिठाच्या पाण्यात भरलेल्या कोवळ्या फणसाचे डबे थायलंड आणि श्रीलंका यांनी पाश्चात्त्य बाजारात आधीच नेले आहेत. तेव्हा छत्तीसगडच्या उद्योजकाची नजर या पदार्थाकडे वळणे स्वाभाविक आहे.

परंतु कोवळा फणस हापूससारखा नाही. त्याचा सामू ४.६ च्या बराच वर असतो. कोकणातील रसाची प्रक्रिया जशीच्या तशी उचलून फणसाला लावली, तर डबा दिसायला चांगला आणि आतून घातक होऊ शकतो. त्याला दोनच मार्ग आहेत. एक तर दाबपात्र घेऊन पूर्ण निर्जंतुकीकरण करावे. नाहीतर आम्ल मिसळून फोडीच्या गाभ्यापर्यंत सामू ४.६ किंवा त्याखाली आल्याचे सिद्ध करावे. बाहेरचे पाणी आंबट झाले, म्हणून फोडीचा मध्यभाग आंबट झाला असे होत नाही. त्याचप्रमाणे ८५० ग्रॅमच्या डब्यासाठी ठरविलेला वेळ ३.१ किलोच्या डब्याला पुरत नाही, कारण मध्यभागी उष्णता पोहोचण्यास अधिक अवधी लागतो. हीच गोष्ट भाज्यांच्या डब्यांना आणि पाकीटबंद तयार डाळ-भाज्यांनाही लागू आहे. पाकीट मऊ असले, तरी नियमाच्या दृष्टीने ते हवाबंद पात्रच असते.

याच ठिकाणी नोंदणीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज नुकसान करतो. एफडीएकडील या दोन्ही नोंदण्यांना सरकारी शुल्क नाही. एफडीए नोंदणीचे प्रमाणपत्रही देत नाही आणि क्रमांक मिळणे म्हणजे कारखान्याला वा मालाला मान्यता मिळणे असा अर्थ होत नाही. तरीही नोंदणी करून देणारे मध्यस्थ आकर्षक प्रमाणपत्रे छापून देतात आणि लहान उद्योजक ती कार्यालयाच्या भिंतीवर लावतात. मध्यस्थाची मदत घेण्यात गैर काही नाही. अमेरिकेतील प्रतिनिधी तर कायद्यानेच बंधनकारक आहे. धोका असा की अर्ज भरण्याचा खर्च झाला म्हणजे तयारी झाली, असे समजले जाते. खरा खर्च पुढे आहे. डब्याच्या मध्यभागी तापमापक बसवून केलेल्या चाचण्या, प्रक्रिया ठरविणारा जाणकार तज्ज्ञ, डब्याची कड योग्य बसली की नाही हे तपासणारे साधन, या विषयाचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक आणि रोजच्या नोंदी, हा तो खर्च होय. प्रत्येक घाण्याची नोंद पुढील कामाच्या दिवशी, आणि माल बाहेर जाण्यापूर्वी, जाणकाराने तपासावी आणि त्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात, अशी अमेरिकी नियमाची अपेक्षा आहे.

इतर बाजारांची रचना वेगळी असली, तरी दिशा तीच आहे. चीनने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या २४८ क्रमांकाच्या आदेशाने परदेशी खाद्य उत्पादकांना नोंदणी सक्तीची केली. काही गटांतील उत्पादकांची नोंदणी त्यांच्या देशाच्या सरकारी यंत्रणेच्या शिफारशीनेच होते, इतरांना स्वतः अर्ज करता येतो; नोंदणीचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. युरोपीय संघ प्राणिज पदार्थ केवळ यादीतील आस्थापनांकडून घेतो. भारतीय मत्स्योत्पादनांसाठी हे काम १९६३ च्या कायद्याखाली स्थापन झालेली निर्यात निरीक्षण परिषद पाहते. देशांतर्गत परवाना एफएसएसएआय देते, तर निर्यातदाराची नोंद अपेडाकडे असते. यांपैकी कोणताही कागद आयातदार देशाच्या नोंदणीला पर्याय ठरत नाही, हे नवख्या निर्यातदाराला बहुधा पहिला माल अडकल्यावरच कळते.

यातून धोरणाचा प्रश्न उभा राहतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी १० हजार कोटी रुपयांची योजना आणली. तिच्यातून पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते. यंत्र घेण्यासाठी ही मदत मोलाची आहे आणि सामाईक सुविधांचीही तीत तरतूद आहे. परंतु दाबपात्र विकत घेणारा उद्योजक त्या पात्रात आपला डबा किती वेळ ठेवावा हे कोणाला विचारणार, हा प्रश्न अनुदानाने सुटत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या संस्थांकडे हे ज्ञान आहे. मात्र बस्तरमधील महिला बचत गटाने किंवा देवगडच्या लहान कारखान्याने प्रत्येक नव्या पदार्थासाठी इतक्या दूर जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आणि दापोलीचे बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांच्या पातळीवर तापप्रक्रिया निश्चित करणारी प्रयोगशाळा उभी राहिली, तेथे पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण मराठी, हिंदी आणि छत्तीसगडीत झाले आणि चाचणीच्या खर्चाला अनुदानात स्थान मिळाले, तर नोंदणीचा अर्ज हा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा उरेल. आज तो पहिला टप्पा मानला जातो. अर्ज भरून देणारे पुष्कळ आहेत. तापमानाची नोंद वाचून संशयास्पद घाणा बाजूला काढण्याचा अधिकार आणि समज असलेला माणूस मात्र प्रत्येक कारखान्यात हवा. त्याच्या शिक्षणाची सोय जगदलपूरहून एका दिवसात पोहोचता येईल इतक्या अंतरावर होणे, ही बस्तरच्या फणसासाठी शुल्ककपातीइतकीच निकडीची गोष्ट आहे.