विश्लेषण : हॅलिबर्टन देऊन साबोनिस घेणे सॅक्रामेंटो किंग्जला महागात पडले का?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फेब्रुवारी आला, की खेळाडूंच्या अदलाबदलीची चर्चा रंगते आणि जुन्या व्यवहारांचे हिशेबही नव्याने मांडले जातात. त्यात एक व्यवहार हमखास येतो. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी सॅक्रामेंटो किंग्जने टायरीस हॅलिबर्टन हा २१ वर्षांचा पॉइंट गार्ड इंडियाना पेसर्सला दिला आणि डोमांतास साबोनिस हा सेंटर घेतला. पुढच्याच वर्षी किंग्जची १६ हंगामांची प्लेऑफची प्रतीक्षा संपली. तीन वर्षांनी मात्र हॅलिबर्टनने पेसर्सला अंतिम फेरीत नेले. मग हा व्यवहार शहाणपणाचा होता की घोडचूक?

नेमका व्यवहार काय होता?

हॅलिबर्टनसह बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन पेसर्सकडे गेले. बदल्यात साबोनिस, जेरेमी लॅम्ब, जस्टिन हॉलिडे आणि ड्राफ्टमधील दुसऱ्या फेरीची एक निवड किंग्जला मिळाली. आयपीएलमध्ये अशा अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती लागते. एनबीएमध्ये मोजके अपवाद वगळता खेळाडूला विचारले जात नाही. हॅलिबर्टनने सॅक्रामेंटोतच राहण्याची इच्छा उघडपणे बोलून दाखवली होती. त्यामुळे हा निर्णय त्याच्यासाठी आणि चाहत्यांसाठीही धक्काच होता.

या दोन संघांचा मुंबईशी संबंध काय?

एनबीएचे भारतातील पहिले सामने याच दोन संघांत झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांनी हंगामपूर्व दोन सामने खेळले आणि दोन्ही पेसर्सने जिंकले. साबोनिस तेव्हा पेसर्समध्ये होता, तर हील्ड किंग्जमध्ये. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. किंग्ज संघ सिएटलला हलवला जाण्याची चिन्हे असताना २०१३ मध्ये त्यांच्या गटाने तो विकत घेतला आणि सॅक्रामेंटोतच ठेवला.

किंग्जने हॅलिबर्टनला का सोडले?

पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू बहुतेक वेळ त्याच्या हाती असतो आणि चाल कोणती खेळायची, पास कोणाला द्यायचा हे तो ठरवतो. किंग्जकडे असे तीन खेळाडू झाले होते. डिॲरन फॉक्सशी संघाने पाच वर्षांचा, सुमारे १६.३ कोटी डॉलरचा करार केला होता. हॅलिबर्टन २०२० च्या ड्राफ्टमध्ये १२ व्या क्रमांकावर हाती लागला होता. त्यात २०२१ मध्ये डेव्हिऑन मिचेलची भर पडली. बास्केटखाली मात्र भरवशाचा खेळाडू नव्हता.

पेसर्सची अडचण नेमकी उलटी होती. साबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोघेही सेंटर असल्याने बास्केटजवळ गर्दी होत होती आणि चाल रचणारा सूत्रधार नव्हता. एकाकडे जे जास्त, ते दुसऱ्याकडे कमी. कागदावर व्यवहार सरळ होता. साबोनिस २५ वर्षांचा होता आणि दोनदा ऑल-स्टार संघात निवडला गेला होता. किंग्जला तयार खेळाडू हवा होता, तो मिळाला.

किंग्जला फायदा झाला का?

झाला, आणि लगेच झाला. २००६ नंतर किंग्ज एकदाही प्लेऑफमध्ये पोहोचले नव्हते. एनबीएच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दुष्काळ होता. २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन यांच्या संघाने ४८ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळवले. साबोनिसने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक रीबाउंडची सरासरी राखली. तो नुसता रीबाउंड घेणारा नव्हता. चेंडू हातात धरून उभा राहायचा आणि भोवती पळणाऱ्या सहकाऱ्यांना पास द्यायचा. किंग्जचे आक्रमण त्याच्याभोवतीच फिरत होते. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडण्याची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली.

पहिल्या फेरीत किंग्ज गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून सात सामन्यांत हरले. सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण केले. त्या मालिकेत एक उणीवही उघडी पडली. साबोनिस लांबून फटका मारायला कचरतो हे हेरून वॉरियर्सने त्याच्यापुढे जागा मोकळी सोडली आणि पासच्या वाटा अडवल्या.

मग फासे कधी उलटले?

२०२३-२४ मध्ये किंग्जने ४६ सामने जिंकले, पण प्लेऑफ हुकले. पुढच्या हंगामात विजय ४० वर आले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना हटवण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला. ज्या गार्डला ठेवण्यासाठी हॅलिबर्टनला सोडले, तोही तीन वर्षांत गेला. एप्रिलमध्ये व्यवस्थापक माँटे मॅकनेअर यांनीही संघ सोडला. २०२५ च्या उन्हाळ्यात किंग्ज पुन्हा पॉइंट गार्डच्या शोधात होते आणि त्यांनी ३१ वर्षांच्या डेनिस श्रोडरला घेतले.

तिकडे हॅलिबर्टन २०२३-२४ मध्ये सरासरी १०.९ असिस्टसह लीगमध्ये पहिला आला. पेसर्सने २०२४ मध्ये पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली आणि २०२५ मध्ये एनबीएची. याआधी ते तिथे फक्त २००० मध्ये पोहोचले होते. २०२५ च्या प्लेऑफच्या चारही फेऱ्यांत हॅलिबर्टनने अखेरच्या क्षणी सामना वाचवणारा किंवा जिंकून देणारा फटका मारला. ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात तर ०.३ सेकंद शिल्लक असताना.

चाहत्यांमध्ये वाद कशावरून?

व्यवहाराच्या समर्थकांचा मुद्दा साधा आहे. २००६ मध्ये जन्मलेले सॅक्रामेंटोचे मूल शाळा संपवत आले, तरी त्याने आपल्या संघाचा प्लेऑफ सामना पाहिला नव्हता. अमेरिकेतील चार प्रमुख लीगमधला शहराचा तो तेव्हा एकमेव संघ होता. ‘भविष्य’ या शब्दावर १६ वर्षे काढलेल्या लोकांना आणखी थांबा असे सांगणे सोपे नव्हते. शिवाय फॉक्सच्या जोडीला राहून हॅलिबर्टन असाच बहरला असता, याची खात्री कोण देणार? पेसर्सने पूर्ण संघ त्याच्या हाती सोपवला, तसा सॅक्रामेंटोत मिळालाच नसता. आज दिसणारा हॅलिबर्टन काही अंशी त्या व्यवहारामुळेच घडला.

विरोधक म्हणतात, नंतरचे निकाल बाजूला ठेवा आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये काय दिसत होते तेवढेच पाहा. हॅलिबर्टन साबोनिसपेक्षा जवळपास चार वर्षांनी लहान होता. नवोदितांसाठीच्या स्वस्त करारावर त्याची आणखी दोन वर्षे बाकी होती. तीन गुणांच्या फटक्यांत त्याचे यश ४० टक्क्यांहून अधिक होते आणि त्या हंगामात किंग्जसाठी तो सामन्यामागे ७.४ असिस्ट देत होता. फटका आणि पास दोन्ही जमणारा इतका तरुण सूत्रधार सहसा कोणी देत नाही. एक गार्ड द्यायचाच होता, तर फॉक्सला का दिले नाही, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. यावर समर्थकांचे उत्तर असे, की फॉक्सच्या मोठ्या करारामुळे त्याच्या बदल्यात साबोनिससारखा खेळाडू मिळाला नसता.

दोन्ही बाजू तपासल्या तर व्यवहाराची दिशा चुकलेली दिसत नाही. दोन सूत्रधारांपैकी एकाला सोडून बास्केटखालची उणीव भरणे गरजेचे होते. निवड मात्र वादग्रस्त ठरते, कारण दिलेल्या खेळाडूची वाढ बाकी होती आणि घेतलेला जवळपास पूर्ण घडलेला होता. दुसरी चूक त्यानंतरची आहे. पेसर्सने जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील तीन निवडी मोजून पास्कल सिआकमला आणले. हॅलिबर्टनला ज्याची गरज होती, ते त्यांनी वेळेत दिले. किंग्जला साबोनिसच्या जोडीला बास्केटचे रक्षण करणारा उंच बचावपटू हवा होता. तो आलाच नाही आणि २०२३ चा संघ तिथेच थांबला.

हिशेब पूर्ण झाला का?

नाही. २२ जून २०२५ रोजी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टनने सुरुवातीलाच ९ गुण केले आणि सातव्या मिनिटाला त्याच्या उजव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. पाचव्या सामन्यात दुखावलेल्या पोटरीसह तो उतरला होता. पेसर्स तो सामना आणि विजेतेपद दोन्ही हरले. २०२५-२६ चा पूर्ण हंगाम तो खेळणार नाही, हे संघाने जुलैमध्येच जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात टर्नरही मिलवॉकी बक्सकडे गेला. पहिले एनबीए विजेतेपद पेसर्सला अजून मिळवायचेच आहे.

हॅलिबर्टनचा करार २०२८-२९ पर्यंतचा आहे आणि साबोनिसचा २०२७-२८ पर्यंतचा. वेगावर खेळणाऱ्या गार्डसाठी अकिलीसची दुखापत सर्वांत कठीण मानली जाते. तो पूर्वीच्या वेगाने परतला, तर सॅक्रामेंटोचे दुःख वाढेल. नाही परतला, तर व्यवहाराचे समर्थक २०२३ च्या त्या वसंताकडे पुन्हा बोट दाखवतील. पण दुखापत २०२२ मध्ये कोणालाच दिसत नव्हती. हॅलिबर्टनचे वय, त्याचा करार आणि त्याचे आकडे मात्र तेव्हाही सर्वांसमोर होते.