द्विरर्बुद आणि काखेतील ग्रंथी

स्तनात एकाहून अधिक गाठी असलेली रुग्णा आली की सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील द्विरर्बुद आठवते. एकाच वेळी वा क्रमाने होणारे हे अर्बुद आचार्यांनी असाध्य म्हटले. आजच्या रुग्णेस त्याच निर्णयात बसविणे मात्र आम्हांस मान्य नाही.

अनेक गाठी असल्या की काखेतील सर्व ग्रंथी काढाव्याच लागतात, हा समज अद्याप रूढ आहे. त्या धास्तीने काही रुग्णा शस्त्रक्रिया टाळून आपल्याकडे वळतात. वस्तुतः स्तनाच्या निरनिराळ्या भागांतील लसिका बहुधा काखेतील त्याच पहिल्या ग्रंथींकडे वाहते. निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून या सेंटिनेल ग्रंथी शोधता येतात. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अनेक गाठींच्या रुग्णांसही ही तपासणी देता येईल असे नमूद केले. ग्रंथी निर्दोष निघाल्यास पुढील छेदन टळते आणि हाताला कायमची सूज येण्याचा धोकाही पुष्कळ घटतो.

काखेत बोटांना काही लागले नाही, एवढ्यावर निर्वाळा देऊ नये. तेथेही कर्करोग पोहोचलेला असू शकतो. ग्रंथी लागल्यास आधी सोनोग्राफी व सुईने नमुना तपासणी हवी.

औषधालयांच्या मालकांस विनंती, की स्तनातील गाठीसाठी कांचनार गुग्गुळ मागणाऱ्या स्त्रीस डबी देण्यापूर्वी शल्यचिकित्सकाने तपासले काय, एवढे विचारावे. नसल्यास डबी न देता तिला त्याच आठवड्यात तिकडे पाठवावे.